एकोणीस पुंगळ्या

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी दर वर्षी भावाकडे, ताइस्तोकडे, हिएतावारा गावाला जाते. निमित्त बेरीचे असते. तिथल्या रानात पुओलुक्का पिकते, तांबडी, वाटाण्याएवढी, आंबट. दोन बादल्या वेचून आणल्या की माझे वर्ष निघते. मी समुद्राकाठच्या एका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते; तिथून हिएतावारा तीन तासांवर आहे. त्या वर्षी मात्र बेरीपेक्षा ताइस्तोची काळजी जास्त होती. एप्रिलमध्ये राइली, त्याची बायको, गेली होती आणि बेचाळीस वर्षांनंतर तो पहिल्यांदाच घरात एकटा होता.

घर स्वच्छ होते. चुलीजवळ लाकडे नीट रचलेली होती, कुत्री तुइस्कू पायपुसण्यावर निजली होती. खिडकीतून तळे दिसत होते आणि काठावर पालथी घातलेली होडी. होडीच्या तळाला त्याने नवी फळी बसवून रंगवली होती. होडी हिरवी आणि फळी विटकरी. उरलेला रंग वापरला असेल, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर रानात आला. बेरी वेचणे हे बायकांचे काम, असे तो जन्मभर म्हणत आला होता, आणि राइली वेचत असताना ओंडक्यावर बसून कॉफी पीत असे. या वेळी त्याने न बोलता बादली घेतली. संध्याकाळी ती निवडायला बसले, तर अर्ध्या बेरी हिरव्या, कच्च्या होत्या. मी त्या मुकाट्याने बाजूला काढल्या. माणसाचे मन ठिकाणावर नसेल तर असे व्हायचेच, असा मी अर्थ लावला.

स्वयंपाकघरातल्या बाकावर कॉफीचे तेरा डबे ओळीने ठेवले होते. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर नाव. ओन्नी, काउको आणि बाकीचे. गावच्या शिकार मंडळातल्या लोकांच्या, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी एल्क हरणांची शिकार सुरू होते, आणि हिएतावारात बहुतेक लोक आपली काडतुसे घरीच भरतात. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचलून आणायची, दाबून पुन्हा मापात बसवायची, बुडाला नवी स्फोटक टोपी, नवी दारू, नवी गोळी. पण प्रत्येक वेळी गोळी सुटताना पुंगळीची मान फुगते आणि मापात आणताना पुन्हा आवळली जाते. अशा ताणलेल्या-आवळलेल्या पितळाला कडकपणा येतो, आणि पाचसहा खेपांनंतर मानेला चीर जाते. त्याआधी मान तापवून नरम करावी लागते. फक्त मान. अंधारात ती जेमतेम लालसर दिसू लागली की त्याच क्षणी ज्योतीतून काढून पाण्यात टाकायची. बूड कडकच राहिले पाहिजे, कारण स्फोटाचा सगळा दाब बुडावर येतो. बूड नरम झाले असेल तर ते फाटते आणि तापलेला वायू मागे येतो, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर.

हे काम गावात कुणी स्वतः करत नसे. सगळे ताइस्तोकडे आणून देत. त्याच्या हाताखालून गेलेली पुंगळी कधी चिरली नव्हती, कधी फाटली नव्हती, आणि त्याच्या डोळ्याविषयी मंडळात आदराने बोलले जाई. दर सप्टेंबरात एक दुपार तो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत, खिडकीवर घोंगडी टांगून, राइलीला घेऊन बसे. शेजारचा काउको मग मंडळाच्या झोपडीत सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणे, "आज तिकडे जाऊ नका रे, दोघं पितळ नरम करतायत." दर वर्षी हाच विनोद, आणि दर वर्षी सगळे हसत. राइलीसुद्धा.

"झाल्या सगळ्या?" मी डब्यांकडे बघत विचारले.

"परवाच. रविवारी न्यायला येतील."

मी ओन्नीच्या डब्यातली एक पुंगळी उचलली. ही माझी सवय आहे, धातू दिसला की हात जातो. तापलेल्या पितळावर निळसर झाक उमटते. ती मानेच्या थोडी खाली थांबायला हवी. या पुंगळीवर ती अर्ध्याच्या खाली उतरली होती.

"निळं फार खाली आलंय," मी म्हणाले.

"नवा गॅसटॉर्च आहे. जुन्याचं तोंड बुजलं. हा जोरात जळतो."

"एक घेऊन जाऊ? मशीनवर बघते."

"सुट्टीतसुद्धा तुला कारखाना लागतो."

"आणि एक आधीच्या खेपेची दे. शेजारी ठेवून बघायला."

मग वरच्या कपाटातून त्याने एक चपटा डबा काढला. आत वीस पुंगळ्या उभ्या लावलेल्या होत्या, एकमेकींना न टेकता, कापडावर.

"या माझ्या. या मी यंदा केल्या नाहीत."

"का?"

"गरज नव्हती."

त्याने एक उचलली, ठेवली, दुसरी उचलली. मला देताना विचारले, "परत आणशील?"

"कापावी लागेल रे. उभी, मधोमध."

त्याने ती आणखी क्षणभर हातात धरली. "बरं," म्हणाला. "ने."

तेव्हाच मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. तेव्हाच ओन्नीला, तो मंडळाचा अध्यक्ष, सांगायला हवे होते की डबे वाटू नका. निळा रंग मी पाहिला होता आणि त्याचा अर्थ मला कळत होता. पण झाक ही पुरावा नसते. हवेने, पाण्याने, पितळाच्या जातीनेही ती बदलते. आकडा हातात आल्याशिवाय बोलायचे नाही, हे मी तीस वर्षे नव्या मुलींना शिकवत आले आहे. मी आकड्याची वाट पाहायचे ठरवले.

प्रयोगशाळेत आधी कारखान्याची कामे, मग माझे. मधे यंत्र आठवडाभर बंद होते. पुंगळ्यांचा निकाल माझ्या हातात आला तो शिकारीच्या आधीच्या गुरुवारी सकाळी.

पुंगळी उभी कापून राळेत बसवतात, आरशासारखी घासतात, आणि हिऱ्याचे बारीक टोक ठरलेल्या वजनाने दर दोन मिलिमीटरला दाबतात. खळगा जितका लहान, धातू तितका कडक आणि आकडा तितका मोठा. ताइस्तोच्या पुंगळीची रेषा मी बराच वेळ पाहत राहिले. मानेशी नरम, खांद्याखाली चढत चढत गेलेली, बुडाशी एकशे ऐंशीच्या वर. पाठ्यपुस्तकात छापावी अशी. ओन्नीच्या पुंगळीला चढच नव्हता. मान जवळजवळ शिजलेली, आणि बुडाशी आकडा एकशे सात.

एकाच माणसाच्या हातच्या दोन पुंगळ्या. मी प्रथम टॉर्चला दोष दिला, मग थांबले. टॉर्च जोरात जळत असेल तर मान लवकर लाल होईल, आणि रंग बघणारा माणूस ती लवकर बाहेर काढेल. रंग बघणाऱ्याला टॉर्चने काही फरक पडत नाही. फरक पडेल तो रंग न बघणाऱ्याला.

मग कच्च्या बेरी आठवल्या. हिरव्या होडीची विटकरी फळी आठवली. ताइस्तो अठरा वर्षांचा असताना रेल्वेत भरती व्हायला गेला होता आणि दुसऱ्याच दिवशी परत आला होता. कान कमजोर निघाला, असे घरी सांगितले गेले. त्या कानांनी तो आजही अर्ध्या कोसावरची फांदी मोडलेली ऐकतो. जखमी जनावराचा माग त्याने कधी रक्तावरून काढला नाही, नेहमी कुत्र्याच्या नाकावरून. आणि आमच्या आईचे वडील, तेही बेरी वेचत नसत. आईकडून मुलाकडे येणारी ही रंगांधळेपणाची गोष्ट मी कितीतरी वर्षांपूर्वी शिकले होते, परीक्षेत लिहिली होती. माझ्याच घरात मला ती दिसली नव्हती.

मी रजा टाकली आणि निघाले. ओन्नीला फोन केला असता तर दहा मिनिटांत काम झाले असते. वाटेत दोनदा गाडी कडेला घेतली, फोन हातात घेतला. दोन्ही वेळा ठेवला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अवधी होता. त्या वेळी सगळे नेम तपासायला मैदानावर जातात, त्याआधी भरलेले काडतूस कुणी वाया घालवत नाही. आणि गुरुवारी सहाला मंडळाची सभा होती. सहापर्यंतचा वेळ ताइस्तोला मिळायला हवा, असे मी स्वतःशी ठरवले.

तो अंगणात लाकडे फोडत होता.

"बेरी संपल्या का?" म्हणाला.

मी पिशवीतून कापलेल्या पुंगळ्या काढून ओंडक्यावर ठेवल्या. "ही तुझ्या डब्यातली. ही ओन्नीच्या."

त्याने स्वतःची अर्धी पुंगळी बोटांच्या टोकांनी उचलली. "ही बरोबर आहे?"

"याच्याहून बरोबर मी पाहिली नाही."

त्याने मान हलवली. कुणा दुसऱ्याचे कौतुक ऐकावे तशी. मग म्हणाला, "आणि ही?"

"ही बुडापर्यंत नरम झाली आहे. झाडली तर मागून फाटू शकते. सगळ्याच नाही फाटणार. पण कुठली फाटेल ते मला सांगता येणार नाही."

त्याने ती उचलून बुडावर अंगठा फिरवला.

"किती वेळ धरलीस ज्योतीत?"

"सहा. सहाच सेकंद असायचे नेहमी."

"मोजून?"

"मोजून."

"लाल दिसेपर्यंत नाही?"

त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली, हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. "ते राइली बघायची," म्हणाला.

मी वाट पाहिली. आमच्या घरात वाट पाहणे हाच प्रश्न असतो.

"माझ्या डाव्या खांद्याशी उभी राहायची. 'आता' म्हणायची. मी काढायचो, पाण्यात टाकायचो. एवढंच. मला लाल काळं दिसतं, तेर्तू. कोळशासारखं. रेल्वेत त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे ठेवलं, त्यात मला नुसते ठिपके दिसले."

"राइलीला कधी कळलं?"

"लग्नाआधी. बेरी वेचताना. हसली नाही. म्हणाली, तू बस, मी वेचते."

"आणि तू कुणालाच सांगितलं नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

बेचाळीस सप्टेंबर. दर वर्षी तीनचारशे पुंगळ्या. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि मग लाज वाटली. एक बाई अंधारात उभी राहून इतक्या वेळा एकच शब्द बोलली होती आणि गावाने कौतुक नवऱ्याच्या डोळ्याचे केले होते. तिने तसे होऊ दिले होते.

"मी निळं बघितलं होतं," मी म्हणाले. "महिना होत आला. तेव्हाच बोलायला हवं होतं."

"तू आकड्याची वाट पाहिलीस."

"हो."

"मी पण आकडाच धरून बसलो होतो," तो म्हणाला.

तुइस्कू येऊन त्याच्या पायाशी बसली. मी म्हणाले, "सहाला सभा आहे. तू सांग, नाहीतर मी सांगते."

"टॉर्च नवा होता म्हणेन."

"म्हण. तेवढं पुरे."

आणि मला तेव्हा खरोखरच ते पुरे वाटले. टॉर्च नवा होताच. पुंगळ्या परत आल्या, की कुणाच्या डोळ्यांना काय दिसते आणि काय नाही याच्याशी मंडळाला काय करायचे होते?

मंडळाची झोपडी रस्त्याच्या वळणावर आहे. आत कॉफी उकळत होती आणि ओन्नीच्या बायकोने वेलची घातलेला गोड पाव पाठवला होता. टोपीतल्या चिठ्ठ्या काढून जागा ठरल्या. कोण कुठल्या वाटेवर उभा राहणार, कोण कुत्र्यांबरोबर जाणार. मी दाराजवळच्या बाकावर बसले. पाहुण्या बाईला तिथे बसायचा रिवाज आहे. चिठ्ठ्या संपल्यावर ताइस्तो उभा राहिला.

"ताइस्तो उभा राहिलाय," काउको म्हणाला. "कुणीतरी तारीख लिहून ठेवा."

थोडे हसू झाले. ताइस्तोने ते संपू दिले.

"यंदाच्या पुंगळ्या वापरू नका. बिघडल्यात. टॉर्च नवा होता, जास्त तापल्या. भरलेली काडतुसं परत आणून द्या."

ओन्नीने चष्मा काढला. तो निवृत्त वनाधिकारी आहे, सावकाश बोलतो. "किती बिघडल्यात?"

ताइस्तोने माझ्याकडे पाहिले. मी उभी राहून दोन वाक्यांत सांगितले, बुडाचा आकडा आणि त्याचा अर्थ. मग कुणी हसले नाही. कुणीतरी म्हणाले की दुकान नव्वद किलोमीटरवर आहे. दुसरा म्हणाला की विकतच्या काडतुसांनी नेम नव्याने बसवावा लागेल, आणि हातात एकच दिवस आहे. कुरकुर होती, पण राग नव्हता. चूक कुणाकडूनही होते, टॉर्च नवा होता. मला वाटले, निभावले.

"सगळ्या?" काउकोने विचारले.

"सगळ्या."

"तुझ्यासुद्धा?"

ताइस्तोला खोटे बोलता येत नाही असे नाही. बेचाळीस वर्षे त्याने एक गोष्ट लपवली होती. पण सरळ प्रश्नाला वाकडे उत्तर त्याने कधी दिले नव्हते. "माझ्या नाही. माझ्या मी केल्या नव्हत्या."

काउकोने कप खाली ठेवला. "का?"

काउको टेबलावरून पुढे झुकला.

"तेरा जणांच्या केल्यास आणि स्वतःच्या ठेवल्यास. का ते सांग ना. यंदा माझी थोरली पहिल्यांदा जागेवर उभी राहणार आहे. तिच्या बंदुकीत तुझ्या हातच्या पुंगळ्या आहेत, मी स्वतः भरल्यात. मी तिला सांगितलं, ताइस्तोच्या आहेत, डोळे मिटून झाड."

"काउको," ओन्नी म्हणाला.

"मी फक्त विचारतोय."

मी उठू लागले. ताइस्तोने हाताने मला बसवले. त्याने टोपी काढली, टेबलावर ठेवली. तिच्याकडे बघतच बोलला.

"माझ्या पुंगळ्या राइलीने केल्यात. मागच्या सप्टेंबरात. तुमच्यापण तिनेच केल्या होत्या, आजवरच्या सगळ्या. मला लाल दिसत नाही. कधीच दिसलं नाही. ती बघायची आणि सांगायची, मी नुसता हात होतो. यंदा मी मोजून केल्या. मोजणं चुकलं." त्याने टेबलावरची टोपी फिरवली. "माझ्या वीस तिच्या शेवटच्या. पुन्हा तापवल्या की ते जातं. तेर्तूला विचारा, तिला पितळ कळतं."

सगळे माझ्याकडे वळले.

"जातं," मी म्हणाले. "तापवलं की आधीचं सगळं पुसलं जातं. पितळ नव्यासारखं होतं."

"म्हणून ठेवल्या," ताइस्तो म्हणाला. "दुसरं कारण नाही."

काउको टेबलाच्या लाकडावरून अंगठा फिरवत होता. मग म्हणाला, "म्हणजे ती होडी..."

"होडीचं काय?"

"काही नाही."

"होडीला काय झालंय?"

"छान आहे होडी," ओन्नी म्हणाला.

ताइस्तो माझ्याकडे वळला. "तेर्तू, होडीला काय झालंय?"

"फळी विटकरी आहे," मी सांगितले.

त्याने यावर विचार केला. "मे महिन्यापासून?"

"मे महिन्यापासून," काउको म्हणाला. "आम्हाला वाटलं, दुःखात आहेस, कशाला बोला."

कोपऱ्यातून कुणाचे तरी हसू फुटले आणि लगेच दाबले गेले. ताइस्तोच्या तोंडाचा कोपरा हलला. मग काउको उठून बाहेर गेला. गाडीचे दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. त्याने काडतुसांची पेटी आणून ताइस्तोच्या पुढ्यात ठेवली, न आपटता. मग दुसरा गेला, मग तिसरा. ज्यांची घरी होती ते घरी गेले आणि घेऊन आले. बारा पेट्या जमल्या.

"मी अजून भरल्याच नाहीत," ओन्नी म्हणाला. "डबा तसाच आहे."

"ओन्नीचा आळस पहिल्यांदा कामाला आला," काउको म्हणाला. सकाळी दुकानात जायचे कामही त्यानेच अंगावर घेतले.

ओन्नीने चष्मा पुन्हा घातला. "ताइस्तो, शनिवारी तू तुझ्या घेऊन ये. एकोणीस पुरतात."

निघताना काउको पायरीवर घुटमळला. "ते मी दर वर्षी म्हणायचो," तो म्हणाला. "पितळ नरम करतायत वगैरे."

"राइलीला आवडायचं," ताइस्तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी मी परत निघणार होते. कॉफी झाल्यावर ताइस्तो म्हणाला, "ओन्नीने रात्री आणून दिलेला डबा इथे आहे. त्या वायाच गेल्यात, आणखी काय बिघडणार. थोडा वेळ आहे का तुला?"

आम्ही सौनाच्या बाहेरच्या खोलीत गेलो. त्याने खिडकीवर घोंगडी टांगली, दाराच्या फटीला चिंधी लावली. टॉर्च शिकंज्यात बसवला, शेजारी पाण्याची बादली. पुंगळी धरायला त्याने स्वतः केलेली लाकडी मुठीची नळी होती. मूठ हाताला लागून काळी आणि गुळगुळीत झालेली. पुंगळी नळीत उभी करायची आणि बोटांनी सावकाश फिरवत मान ज्योतीत धरायची. मी त्याला सांगितले की ठरलेल्या उष्णतेला वितळणारे रंग मिळतात. मानेवर एक रेघ ओढायची, ती ओली चमकली की काढायची. त्याला लाल दिसावे लागत नाही. त्याने ऐकून घेतले. "पाठवून दे," म्हणाला. "पण आत्ता तू बघ."

मी त्याच्या डाव्या खांद्याशी उभी राहिले. तिथे जमिनीची फळी थोडी खोलगट झाली होती.

निळी ज्योत, तिच्यात फिरणारी पुंगळी. मला प्रयोगशाळेतले तक्ते पाठ आहेत, कुठल्या उष्णतेला धातू कसा दिसतो ते. अंधारात त्यांचा उपयोग झाला नाही. मान काळी होती, काळी होती, आणि मग लाल होती. त्या दोन्हींच्या मधली जागा मला दिसलीच नाही.

"आता," मी म्हणाले.

पुंगळी पाण्यात पडली आणि फसफसली.

"उशीर," तो म्हणाला.

"कशावरून?"

"आवाजावरून. पाणी लांब ओरडलं."

मी पुंगळी काढून पुसली, टॉर्चच्या उजेडात धरली. जुन्या डागावर नवी झाक होती आणि ती खाली गेली होती. त्याचे बरोबर होते. मग मला कळले की मी काय ऐकले.

"सप्टेंबरात पण असंच ओरडत होतं?"

त्याने पुढची पुंगळी नळीत ठेवली. ती ज्योतीजवळ नेली नाही. "हो."

"कधीपासून?"

"पहिल्या डब्यापासून."

"मग थांबला का नाहीस?"

तो ज्योतीकडे बघत म्हणाला, "थांबून विचारणार कुणाला? आणि सहा हा तिचाच आकडा होता."

हे त्याने सभेत सांगितले नव्हते. मोजणे चुकले, एवढेच सांगितले होते. मी म्हणाले, "ओन्नीला हे कळायला हवं. आणि काउकोला."

"उद्या सकाळी सांगेन. जागा घ्यायच्या आधी, सगळ्यांसमोर. मग त्यांनी ठरवावं, मला उभं करायचं की नाही."

"मी थांबते मग उद्यापर्यंत."

"थांब," तो म्हणाला. नळी ज्योतीत गेली.

या वेळी मी तक्ते मनात आणले नाहीत. फक्त मानेकडे पाहिले. एका बाजूला काळ्यात किंचित फरक पडल्यासारखे वाटले. रंग नव्हता तो, पण पहिल्यासारखे काळेही नव्हते.

"आता."

पाणी थोडकेच ओरडले आणि गप्प झाले. ताइस्तो डोके एका बाजूला कलवून ऐकत राहिला, आवाज पूर्ण थांबल्यानंतरही.

"राइली याच्या किंचित आधी म्हणायची," तो म्हणाला, आणि त्याने तिसरी पुंगळी घेतली.